चाक रडू नये म्हणून

जुलै २०२४. सोलापुरात पाऊस नुसता आभाळात हिंडत होता, खाली उतरायचं काही नाव काढत नव्हता. कसब्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर पंखा गरम वारा ढवळत होता, आणि मी एका शब्दापाशी अडून बसलो होतो.

पॅरिसचं ऑलिंपिक सुरू होतं. माझ्याकडे रोज संध्याकाळी इंग्रजी मजकूर यायचा, त्याचं मराठी करून रात्री बाराच्या आत परत पाठवायचं. शब्दाला अमुक पैसे असा हिशेब. नेमबाजी, हॉकी, बॅडमिंटन यांचे शब्द आपल्याकडे वापरून वापरून गुळगुळीत झालेत, तिथं हात आपोआप चालतो. पण त्या दिवशीचा मजकूर घोडेस्वारीचा होता. अनुष अगरवाला हा कोलकात्याचा मुलगा ड्रेसाज या प्रकारात उतरणार होता. या प्रकारात ऑलिंपिकला पोचलेला तो पहिला भारतीय. स्पर्धा व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात, घोड्याचं नाव सर कॅरामेलो.

खाली काकू शेंगा सोलत होती. तिनं हाक मारून विचारलं, "आज काय करूलालास रे?" म्हटलं, घोड्यांचं ड्रेसाज. ती म्हणाली, "घोड्याला ड्रेस घालतेत का?"

मी हसलो खरा, पण तिची चूक नाही. स्वार शेपटीचा कोट घालतो, पांढरी विजार, पांढरे हातमोजे. घोड्याची आयाळ बारीक बारीक वेण्या घालून बांधलेली. लांबून बघणाऱ्याला लग्नाची तयारी वाटावी. खरं तर हा शब्द फ्रेंच, आणि त्याचा अर्थ शिकवणं, तयार करणं असा आहे. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब असं वाळूचं मैदान. कडेनं अक्षरांच्या पाट्या. घोड्यानं ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली चाल धरायची, ठरलेल्या जागी सोडायची, आणि पंचांनी प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण द्यायचे. पळण्याची शर्यत नाही, उड्या नाहीत. ज्याला घोड्याचं काही कळत नाही त्याला पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल. मलाही वाटलं असतं, पण आमच्या घरात १९९२ पर्यंत घोडी होती. त्याबद्दल पुढं सांगतो.

अडला होता तो शब्द म्हणजे पिरुएट.

घोडा आखडत्या चौखूर चालीत असतो. मैदानाच्या मध्यरेषेवर येतो. आणि तिथं, जवळजवळ जागच्या जागी, मागच्या पायांभोवती पुढचं सगळं अंग फिरवत एक पूर्ण वर्तुळ घेतो. त्या वर्तुळाची त्रिज्या किती? घोड्याच्या स्वतःच्या लांबीइतकी. म्हणजे पुढचे पाय मोठं वर्तुळ काढतात आणि आतल्या बाजूचा मागचा पाय जवळपास एका बिंदूपाशीच राहतो. सहा ते आठ ढांगांत फेरी पुरी व्हायला हवी. अर्धी फेरी असेल तर तीन ते चार. वरच्या पातळीच्या चाचणीत डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन फेऱ्या घ्याव्या लागतात आणि दोन्हींचे गुण दुप्पट धरतात. संगीतावर चालणाऱ्या मुक्त फेरीत तर सलग दोन गिरक्यांपर्यंत मुभा असते.

हे वर्णन मला नीट उतरवता आलं. अडचण नावाची होती. सरळ पिरुएट लिहून टाकता आलं असतं. लोक पिझ्झा म्हणतात, पेनल्टी कॉर्नर म्हणतात, यात काय एवढं? पण आमच्या घरात घोडी असताना तिच्या वळण्याला शब्द नसावा, हे मनाला पटेना.

गिरकी आधी सुचली. शब्दकोशही तेच म्हणतो. पण गिरकी म्हटलं की नाचणाऱ्या बाईचा घेर डोळ्यांपुढं येतो, त्यात पायापेक्षा कापड जास्त फिरतं. शिवाय गिरकी घेणारा गरगरतो, त्याचा तोल जाण्यातच गंमत असते. इथं तर अर्ध्या टनाच्या आसपासचं जनावर मागच्या पायांवर बसल्यासारखं होऊन, डोकं जागेवर ठेवून, मोजून पावलं टाकतंय. फिरकी? ती कुंबळेनं आणि टिंगलखोर मित्रांनी आधीच घेऊन ठेवलेली. घिरटी घारीची. चक्कर उन्हात येते. व्होल्ट नावाची दुसरी एक हालचाल त्याच पानावर होती, सहा, आठ किंवा दहा मीटर व्यासाचं छोटं वर्तुळ. ते वाचून तर वाचकाला वीज मंडळच आठवलं असतं, म्हणून तिथं मी गुपचूप 'लहान वर्तुळ' लिहून पुढं सटकलो होतो.

शेवटी मूळ शोधायला गेलो. पिरुएट हा जुना फ्रेंच शब्द, आणि त्याचा पहिला अर्थ आहे भोवरा. पोरं खेळतात तो. नाच आणि घोडा दोघांनीही तो शब्द नंतर उचलला.

मी खुर्चीतून उठून गच्चीत गेलो. समोर सिद्धेश्वराच्या तळ्याच्या बाजूनं ढग साचत होते. भोवरा! आमच्या गल्लीत भोवऱ्याचा हंगाम असायचा, गोट्यांचा वेगळा. लाकडी भोवरा, खाली लोखंडी आर, जाळी घट्ट गुंडाळून हात मागं नेऊन सोडायचा. नवशिक्याचा भोवरा जमिनीवर नाचत, हुंदडत जायचा. चांगला मारणाऱ्याचा एका जागी उभा राहायचा, इतका स्थिर की फिरतोय की नाही हेच कळू नये. गुंगला, म्हणायचो आम्ही. मग कुणीतरी हातजाळी करून तो तळहातावर उचलायचा आणि तिथंही तो गुंगलेलाच. तळहाताला गुदगुल्या झाल्यावरच कळायचं की हा थांबलेला नाही.

आणि मराठीत भोवरा घोड्याच्या अंगावरही असतो. केसांचं वळण. घोडा विकत घेणारा माणूस आधी दात बघतो, मग नाल, मग अंगावरून हात फिरवत भोवरे मोजतो. गळ्याखालचा देवमण शुभ. काही जागचे भोवरे मालकाला बुडवतात म्हणे. आजही अकलूजच्या घोडेबाजारात गेलात तर मारवाडी, काठियावाडी जनावरांभोवती पांढऱ्या टोप्यांची माणसं वाकून वाकून हेच शोधत असतात. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं, आहे का, भोवरा कुठं आहे. लाखांत किंमत सांगणारा मालक त्या वेळी शाळेतल्या पोरासारखा हात मागं बांधून उभा असतो. तर फ्रेंचांचा भोवरा घोड्याच्या पायात आणि आपला त्याच्या कातडीवर. दोन भाषांनी एकच शब्द एकाच जनावराला दोन ठिकाणी चिकटवला, हे कळल्यावर मला त्या रात्रीचे शब्दामागचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

मात्र मजकुरात भोवरा लिहिता येत नव्हता. 'अनुषचा घोडा भोवऱ्यात' असं छापून आलं असतं तर लोकांनी हळहळ व्यक्त केली असती.

तर ती आमची घोडी. तिचं नाव मैना. आबा, म्हणजे माझे आजोबा, टांगा चालवायचे. सोलापूर स्टेशनावर उतरणाऱ्या लोकांना गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशा चारी दिशांची घाई असते. त्यातले बरेच एक दिवस सिद्धरामेश्वरापाशी काढून मग पुढं जायचे. आबांची बहुतेक भाडी स्टेशन ते देऊळ, देऊळ ते एसटी स्टँड. सकाळी गिरण्यांचे भोंगे व्हायच्या आत मैनेला खरारा झालेला असायचा. दाण्याचा तोबरा तिच्या तोंडाला बांधताना आबा तिच्याशी कानडीत बोलायचे. घरात मराठी, स्टँडवर दखनी, घोडीशी कानडी. का, ते कुणी विचारलं नाही. सोलापुरात असलं काही विचारत नाहीत.

आमचं घर ज्या बोळात आहे त्यातून टांगा आत यायचा, पण आत जाऊन वळवायला जागा नाही. शेवटाला फरशीचा छोटा चौक, एका अंगाला ओटा, दुसऱ्या अंगाला हौद. तिथं टांगा तोंड फिरवून उभा करायचा म्हणजे जागच्या जागीच वळवावा लागे. दोन चाकी गाडी अशी वळवणं अवघड नाही, हे कुणीही सांगेल. आतल्या बाजूचं चाक जागेवर धरून ठेवायचं, घोड्याला आडवा टाकत न्यायचं. बाहेरचं चाक फेरा मारून येतं. बाकीचे टांगेवाले तसंच करायचे. त्या वेळी आतलं चाक न फिरता जमिनीवर रगडलं जातं आणि लोखंडी धाव फरशीवर घासून करकर वाजते.

आबांना तो आवाज सहन व्हायचा नाही. "चाक रडलं," म्हणायचे. हा शब्द मूळचा त्यांचा नव्हता. स्टँडवर एक म्हातारे चाचा होते, त्यांच्याकडून आबा टांगा शिकले, चाचा म्हणायचे, "पहिया रोरा जी, सुनो." धाव झिजते, आरे सैल होतात, आणि मुख्य म्हणजे दांडीचा सगळा भार घोड्याच्या एका खांद्यावर पडतो. म्हणून वळताना आतलं चाकसुद्धा फिरत राहिलं पाहिजे, अगदी वीतभर का होईना, पुढं. मागं तर मुळीच नाही. मागं गेलं म्हणजे घोडा तुमच्या हातावर रेलला, त्यानं काम सोडलं.

मी सहा-सात वर्षांचा असताना माझं काम ठरलेलं होतं. बोळाच्या शेवटाला खाली उतरायचं आणि आतल्या चाकापाशी उकिडवं बसून बघायचं. चौकाच्या एका कोपऱ्यात फरशी उखडलेली होती, तिथं माती होती. चाक रगडलं की मातीत खळी पडायची. नीट फिरलं की चंद्रकोर उमटायची, बोटभर जाडीची, स्वच्छ. "काय पडलं?" आबा वरून विचारायचे. "कोर," मी सांगायचो. खळी पडली असेल तर ते पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा वळवायचे, उन्हात, भाडं थांबलेलं असलं तरी. आजी ओट्यावरून म्हणायची, "एवढ्यात स्टेशनाला जाऊन आला असता." ते ऐकायचे नाहीत.

आणि आता रात्री साडेनऊला, मी इंग्रजीतला नियम वाचत होतो. पिरुएटमध्ये आतल्या बाजूचा मागचा पाय दर वेळी उचलला गेला पाहिजे आणि त्याच जागी, किंवा किंचित पुढं, पडला पाहिजे. तो जमिनीत रुतवून घोडा नुसता त्यावर फिरला, तर चूक. मागं सरकला, तर मोठी चूक. चालीचा ठेका तुटला तरी चूक. हे वाचून मी काही वेळ टंकलेखन थांबवलं. खाली काकूनं टीव्ही लावला होता. त्या माणसांनी, व्हर्सायच्या किंवा कुठल्या दुसऱ्या राजवाड्याच्या आवारात बसून, आमच्या बोळातलं चाक कधी पाहिलं असेल?

पाहिलं नसणारच. तीच अडचण, म्हणून तेच उत्तर, एवढंच. वजन असलेली गोष्ट जागेवर फिरवायची तर ती कशावर तरी घासणार. घासू नये म्हणून तिला थोडं थोडं पुढं चालवत ठेवायला लागतं. घोड्याच्या बाबतीत हे आणखी अवघड, कारण चौखूर चाल तीन ठोक्यांची असते: आधी मागचा एक पाय, मग मागचा दुसरा आणि त्याच्या तिरकस समोरचा पुढचा असे दोन एकदम, मग उरलेला पुढचा, त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. इतक्या आखडत्या जागेत ती जोडी फुटते. संथ गतीनं चित्रफीत पाहिली तर तीनाचे चार ठोके झालेले दिसतात. तरी डोळ्याला आणि कानाला चाल तीच वाटली पाहिजे, असा आग्रह. मैनेला चौखूर जायची परवानगीच नव्हती, टांग्याच्या घोड्याला कुणी देत नाही. तिची सगळी हयात दुडकीत गेली, दोन ठोक्यांची, टप-टप, टप-टप. बोळात वळतानाही ती दोन ठोके सोडायची नाही. बारीक बारीक करत न्यायची, भाकरी थापताना बायकांचा हात हळू होतो पण थांबत नाही, तशी.

हे एकदम शिकवता येत नाही म्हणतात. आधी मोठं वर्तुळ, दहा मीटरचं. त्यावर चालताना घोड्यानं मागचं अंग किंचित आत घ्यायचं. मग वर्तुळ लहान करत आणायचं, पुन्हा मोठं करायचं. पाव फेरी, सरळ. पाव फेरी, सरळ. घाई केली तर घोडा फिरायला शिकतो आणि चालायला विसरतो. आणि एकदा जागेवर गरकन फिरून मोकळं व्हायची खोड लागली, की ती काढायला शिकवण्यापेक्षा जास्त दिवस जातात. मला यातलं करून बघता आलेलं नाही, पण आबांनी मैनेला बोळ शिकवायला दोन उन्हाळे घेतले होते हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

आता थोडं आडवळण. शब्द शोधताना मी संस्कृतातही डोकावलो होतो. अमरकोशात घोड्याच्या पाच चाली दिल्या आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं वेगळं प्रकरण आहे आणि त्यातही स्वारीच्या घोड्याच्या चालींत वल्गन आहे. वल्ग् म्हणजे उसळत, ऐटीत चालणं. घोड्याच्या लगामाला वल्गा म्हणतात. आणि मराठीत त्या सगळ्या खानदानातून आपल्याकडे रोजच्या वापरात काय उरलं? वल्गना. पुढाऱ्यांच्या. घोडा गेला, ऐट तेवढी राहिली. भीमेच्या काठची भीमथडी तट्टं, ज्यांच्यावर बसून इथले शिलेदार-बारगीर उत्तरेत गेले, ती तट्टं आखूड बांध्याची, काटक, डोंगरउतारावर चटकन वळणारी. गर्दीत तलवार चालवणाऱ्याचा जीव घोडा किती चटकन मागच्या पायांवर फिरतो यावर असायचा. युरोपातही पिरुएटची कूळकथा अशीच लढाईतून सांगतात. मग त्या वळण्याला आपल्या स्वारांचा एखादा रांगडा शब्द असणारच. तो मला मिळाला नाही. कुणाच्या दप्तरात असेल तर असो.

त्या रात्रीच्या पंधराएक दिवस आधीच मी खुडूस फाट्याला जाऊन आलो होतो, माउलींचं रिंगण बघायला. आषाढीच्या आधी पालखी आपल्या जिल्ह्यात येते, माळशिरसहून वेळापूरला जाताना खुडूसला गोल रिंगण होतं. मैदानाच्या मध्यावर पालखी. भोवती आधी झेंडेकरी धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग विणेकरी, पखवाजवाले. आणि मग दोन अश्व. पुढच्यावर स्वार, हातात जरीपटका. मागचा मोकळा, म्हणजे आपल्या डोळ्यांना मोकळा. त्यावर माउली बसतात. बेळगाव भागातल्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातून हे अश्व येतात, ही जुनी रीत.

मी कडेला, दुसऱ्या रांगेत, एका टेंपोच्या चाकावर पाय ठेवून उभा होतो. ज्ञानोबा-तुकारामचा गजर एवढा की टापा ऐकू येईनात, पायाखालून कळायच्या. मोकळा घोडा वळणावर आला तेव्हा त्याचं सगळं अंग आत झुकलं, कान पुढं, नजर पुढच्या घोड्याच्या शेपटीवर. त्याला वळवायला पाठीवर कुणाचा हात नव्हता, लगाम ओढला जात नव्हता. बाजूचा माळकरी म्हातारा रडत होता. घोडे गेले तशी माणसं आत धावली आणि टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली. मीही लावली. ती कोरडी, पिठासारखी होती. यंदा पाऊस नाही, असं कुणीतरी मागून म्हणालं.

रिंगण म्हणजे पिरुएट नव्हे, हे मला कळतं. ते भरधाव, हे आखडतं. तिथं मध्यावर देव, इथं मध्यावर घोड्याचा स्वतःचाच पाय. पण ड्रेसाजचे पंच ज्या गोष्टीला भाळतात ती मी खुडूसला पाहिली होती. स्वार काही करतोय असं दिसता कामा नये. पोटरीचा दाब, बैठकीतला सूक्ष्म फरक, बोटांची उघडझाप, हे सगळं बघणाऱ्याच्या नजरेआड. घोड्यालाच वळावंसं वाटलं, असं दिसलं पाहिजे.

अनुषची फेरी मी मोबाईलवर तुकड्या तुकड्यांत पाहिली. मध्येच नेट जायचं. ६६.४४४ टक्के गुण झाले, गटात नववा आला, पुढच्या फेरीत गेला नाही. आमच्याकडच्या बातमीत याला 'आव्हान संपुष्टात' म्हणतात. आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, हांगझोच्या आशियाई खेळांत त्यानं सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग आणि हृदय छेडा यांच्यासोबत सांघिक सुवर्ण मिळवलं होतं. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं ते १९८२ च्या दिल्लीनंतर, एकेचाळीस वर्षांनी. वैयक्तिक कांस्यही त्यालाच. तेव्हाही सोलापुरात कुणी फटाके उडवले नव्हते. कुणाला काय उडवायचे तेच कळलं नसेल.

त्या रात्री शेवटी मी 'मागच्या पायावर जागच्या जागी घेतलेली गिरकी (पिरुएट)' असं लिहून, आतला पाय उचलत राहण्याचं एक वाक्य जास्तीचं घालून, पावणेबाराला पाठवून दिलं. सकाळी आलं ते असं: घोड्याने मैदानात गोल चक्कर मारली. पायाचं वाक्य उडालं होतं. शब्दसंख्या कमी झाल्यामुळे पैसेही थोडे कमी झाले. मी काही बोललो नाही. काकूला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग बरोबरच आहे की."

त्या 'गोल चक्कर'मुळेच बहुधा, दुसऱ्या दिवशी दुपारी आडवा पडलो असताना, मला १९९२ ची कार्तिकी आठवली.

तोवर स्टेशनावर रिक्षा भरपूर झाल्या होत्या. एकेक टांगा कमी होत होता. चाचा वारले होते. आबांचे गुडघे गेले होते, आणि मैनेचंही वय व्हायला लागलं होतं, तरी दोन-चार वर्षं सहज ओढली असती. खेड्यात कुणाला भाजी-बाजाराला टांगा लागत असेल तर द्यावा, असं ठरलं. आबा आणि मी मोहोळमार्गे पंढरपूरला निघालो, टांग्यातून. सत्तरेक किलोमीटर. रात्री मोहोळला मुक्काम. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून डोक्याला उपरणं गुंडाळून बसलो होतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

कार्तिकीच्या बाजारात खिलार बैलांची गर्दी, घोडी एका कोपऱ्यात. एक गिऱ्हाईक आलं, सांगोल्याकडचं. बरोबर गडी. त्यानं दात बघितले, पाय उचलून नाल बघितले, मग अंगावरून हात फिरवायला लागला. मागच्या मांडीवर त्याला एक भोवरा सापडला. "इथला चांगला नसतो म्हणतेत," तो म्हणाला आणि किंमत खाली आणली. आबा गप्प. त्यानं छातीवरचा एक सापडवला, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी आबा म्हणाले, "अंगावरचे भोवरे काय मोजताय? पायातला बघा की."

टांगा जोडलेलाच होता. आबा गुडघा धरत वर चढले. भोवती बैलं, गवताच्या पेंढ्या, लोक. जागा आमच्या बोळाएवढीच. त्यांनी लगाम दोन बोटांत धरला. तोंडानं काही कानडी पुटपुटले. मैना फिरली. टप-टप, टप-टप, पाठ हलली नाही, दांडी कुरकुरली नाही. बघणारे दोघं-तिघं मागंही सरकले नाहीत, त्यांना सरकायची गरजच पडली नाही. टांग्याचं तोंड आलं तिकडं परत.

"बघू," म्हणत गिऱ्हाइकाचा गडी चढला. त्यानं लगाम खेचला. चाक जागेवर अडकलं आणि रगडत गेलं, मैनेची मान वर आली. आबा काही बोलले नाहीत. ते त्याच्या शेजारी चढून बसले, त्याच्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा वळवलं. मग त्याला एकट्याला करायला लावलं. चाक पुन्हा अडलं. पुन्हा दाखवलं. असं तीनदा-चारदा. किंमत मघाशीच ठरली होती, कमीच.

पैसे मोजून घेतल्यावर आबांनी तोबरा आणि खरारा त्या गड्याच्या हातात दिला. मैनेच्या मानेवर थाप मारली, एकच. आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले, माझ्याकडं न बघता. मी मागं राहिलो होतो, सवयीनं, आतल्या चाकाच्या जागेपाशी. खाली धूळ होती. तिच्यात दोन-तीन खळ्या होत्या, एकीत एक मिसळलेल्या, आणि बाजूला एक बारीक कोर.

"काय पडलं?" आबांनी पुढून विचारलं.

"कोर," मी म्हटलं, आणि त्यांना गाठायला धावलो.